एकाआड एक पांगारा

एक हिरवा, एक सुका. पुन्हा एक हिरवा, पुन्हा एक सुका. मी डोंगराच्या उतारावर अठराव्या ओळीपासून पहिल्या ओळीपर्यंत धावत खाली आले, आणि प्रत्येक ओळीत तेच. पांगाऱ्याचे तीनशे साठ खुंट लावून पंचवीस दिवस झाले होते. त्यांतल्या एकशे ऐंशींना पोपटी कोंब फुटले होते आणि उरलेले एकशे ऐंशी कोरडे ठणठणीत उभे होते. रोग पडला असता तर एखादा कोपरा वाळला असता. पाणी कमी पडलं असतं तर वरच्या ओळी वाळल्या असत्या. पण इथे कुणीतरी मोजून, एक सोडून एक खुंट निवडून मारल्यासारखा प्रकार होता.

माझं नाव चैत्राली धुरी, तेव्हा वय अकरा. घरात माझ्याबद्दल एकच तक्रार आहे, की मला एका जागी बसता येत नाही. त्या मे महिन्यात तर बसावंसंही वाटत नव्हतं. आमची धुरीवाडी म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी चौदा घरं. ड्रोन सकाळी दारात पाव आणून टाकतो, पण डोंगर धरायला ड्रोनचा काही उपयोग नाही. त्याच्या दोन वर्षं आधी मागचा डोंगर पावसात थोडा सरकला. कुणाला इजा झाली नाही, पण कुशाकाकी परबांचा गोठा चिखलात गेला. तेव्हापासून पाऊस लागला की वाडीत कुणाचा डोळ्याला डोळा लागत नव्हता. आधी सिमेंटची भिंत बांधून झाली. तिच्यामागे पाणी साचलं आणि भिंतीलाच पोट आलं. मग ठरलं की डोंगर झाडांनी धरायचा.

अठ्ठावीस मेला जिल्ह्याची समिती बघायला येणार होती. लावलेल्या खुंटांपैकी निदान पाऊण हिस्सा, म्हणजे दोनशे सत्तर, फुटलेले दिसले तर आम्ही इथेच राहणार. नाहीतर पावसाआधी चौदाही घरं रिकामी करून सगळ्यांना तीस किलोमीटरवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेणार. एकदा उठलेली वाडी परत बसत नाही, असं माझा आजो म्हणायचा. आजो म्हणजे माझे आजोबा, भिवा धुरी. तो हे म्हणाला की मी उठून दारात जायची आणि डोंगराकडे बघायची.

काम होतं डॉ. शहनाज काझी यांच्याकडे. त्या वनस्पतिशास्त्रज्ञ, आमच्या काझीमॅडम. त्यांच्याबरोबर एक यंत्रमानव आला होता. चार पायांचा, शेळीएवढा, पाठीवर एक लांबलचक हात. त्याचं खरं नाव नुसत्या आकड्यांचं होतं. तो खुंट लावायचा म्हणून आम्ही त्याला खुंट्या म्हणायला लागलो आणि त्यानंही ते निमूट मान्य केलं.

पांगाराच कशाला, हे मी पहिल्याच दिवशी विचारून घेतलं होतं. काझीमॅडम म्हणाल्या, कारण आपल्याकडे वेळ नाही आणि पांगाऱ्याला घाई असते. त्याची जाड फांदी कापून जमिनीत खोचली की तिलाच मुळं फुटतात. याला छाटकलम म्हणतात (झाडाच्या एका तुकड्यापासून अख्खं झाड करणं). बी रुजवून रोप वाढवायला जी वर्षं जातात ती वाचतात. मुळं माती धरतात, पानं मातीतलं जादा पाणी ओढून हवेत सोडतात. शिवाय त्याच्या मुळांवर बारीक गाठी असतात आणि त्यांत जिवाणू राहतात (डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव). ते हवेतला नायट्रोजन पकडून त्याचं झाडाला पचेल असं खत करतात, म्हणून उघड्याबोडक्या लाल मातीतही पांगारा तग धरतो. पाला शेळ्यांना होतो, खोडावर मिरीचा वेल चढतो आणि शिमग्याच्या सुमाराला पानं झडून झाड लालभडक फुलतं ते वेगळंच.

मग मी विचारलं, एवढा गुणाचा आहे तर त्याच्यात खोट काय? मॅडमना हा प्रश्न आवडला. भराभर वाढणारं झाड लाकूड घट्ट करत बसत नाही, त्या म्हणाल्या. पांगाऱ्याचं लाकूड हलकं आणि मऊ. म्हणून त्याची खेळणी कोरता येतात, मासेमारीच्या जाळ्यांना तरंगते ठोकळे करता येतात. पण तेच लाकूड मेलं की एका पावसाळ्यात भुसभुशीत होतं. सुका खुंट कुजला की त्या जागी भोक पडणार आणि भोकातून पाणी सरळ डोंगराच्या पोटात जाणार. म्हणजे आमच्या डोक्यावर तेव्हा एकशे ऐंशी भोकं तयार होत होती.

खुंट आले होते चाळीस किलोमीटरवरच्या रोपवनातून. यंत्रानं कापलेले, सगळे दोन मीटर लांब, मनगटाएवढे जाड, दोन्ही टोकं सारखी सपाट. ते आणायला गेलेला बिनचालकाचा टेम्पो दोनदा घाटाच्या तोंडाशी अडून बसला. माल सरकतोय असं त्याला कळायचं आणि तो पुढे जायला नकार द्यायचा. शेवटी आजोला बोलावणं आलं, कारण आजोनं चाळीस वर्षं ट्रकांवर लाकूडफाटा आणि बांबू रचले होते. मला घरी सांभाळणं कुणाला झेपत नाही, म्हणून मीही गेले. आम्ही सगळा माल उतरवून पुन्हा रचला. आजोची रीत कडक होती. एक खुंट चुकीचा ठेवला की तो काढायला लावायचा. टेम्पोनं घाट पार केला, एक खुंट जागचा हलला नाही. त्यानंतर आठ दिवस आजो वाडीत छाती पुढे काढून फिरत होता. यंत्राला जमलं नाही ते सत्तरीच्या म्हाताऱ्यानं केलं, हे त्यानं पाववाल्या ड्रोनलासुद्धा ऐकवलं.

आता काझीमॅडमनी एकेक संशय तपासायला घेतला. ठिबकची नळी पाहिली. प्रत्येक खुंटाला स्वतःचं छिद्र होतं आणि सगळ्यांतून सारखंच पाणी गळत होतं. हिरव्या आणि सुक्या खुंटांजवळची माती वेगवेगळी तपासली, काही फरक नाही. पांगाऱ्याच्या पानांवर गाठी करणारी एक बारीक माशी असते, तिचा मागमूस नव्हता. खुंट्यानं आपल्या नोंदी वाचून दाखवल्या. सगळे खड्डे समान, सगळे खुंट समान.

"समान असते तर समान वागले असते," मॅडम म्हणाल्या.

मला हे सगळं फार हळू वाटत होतं. माझ्या खिशात पांगाऱ्याची एक बी असायची. ती दगडावर जोरात घासली की तापते आणि मग कुणाच्या तरी हाताला चटका देता येतो. चटका द्यायला त्या दिवसांत कुणी जवळ यायला तयार नव्हतं, म्हणून मी नुसतीच बी घासत वाडीभर फिरायची. तशीच फिरताना मला कुशाकाकींचं कुंपण दिसलं. त्यांनी स्वतःच्या झाडाच्या फांद्या तोडून, आमच्याच आठवड्यात, नऊ खुंट लावले होते. मिरीच्या वेलांसाठी. नऊच्या नऊ फुटले होते आणि प्रत्येकाच्या डोक्यावर शेणाचा एक गोळा थापलेला होता.

काकींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "शेण लावल्याशिवाय खुंट जगाचो नाय गो बाय. माझ्या सासूचा सांगणा आसा ता."

मी धापा टाकत मॅडमकडे गेले. वाटलं होतं हसतील. त्या हसल्या नाहीत. फांदी कापली की कापलेल्या टोकातून पाणी उडून जातं, शेणानं ते टोक झाकलं जातं, तेव्हा काकींच्या सासूबाईंचं म्हणणं खोटं नाही. पण आपल्या हिरव्या खुंटांनाही शेण नाही, तरी ते फुटले, म्हणजे हे पूर्ण उत्तर नाही. तरीही करून बघू, त्या म्हणाल्या. दहा सुक्या खुंटांना शेण लावायचं, बाकीच्यांना नाही, आणि फरक पडतो का ते पाहायचं. शेण लावायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. खुंट्यानं मदत करायला हात पुढे केला आणि अर्ध्यावर थांबवला. पकड स्वच्छ ठेवावी असं त्याच्या सूचनांमध्ये लिहिलेलं होतं.

मी रोज दोनदा जाऊन शेणावर पाणी शिंपडत होते. एक दिवस गेला, चार गेले, सात गेले. कोंब काही येईना. तेरा मेच्या सकाळी एक गोळा उन्हानं तडकलेला दिसला. तो काढून नवा लावावा म्हणून मी हात घातला, तर गोळा निघेना. खुंटाला धरून बसला होता. मी जोर लावून अर्धा तोडला आणि आत पाहिलं, तर शेणात पांढरे दोरे होते. आधी मला अळ्या वाटल्या. पण ते दोरे खुंटाच्या कापलेल्या टोकाच्या कडेनं निघाले होते आणि शेणात घुसले होते. ती मुळं होती. जमिनीपासून तीन हात उंच, खुंटाच्या डोक्यावर, हवेत. मी दुसरा गोळा फोडला, तिसरा फोडला. दहांपैकी सात खुंटांना डोक्यावर मुळं आली होती. मी ओरडत खाली पळाले, वाटेत गुडघा फोडून घेतला, आणि मॅडमना काय सांगितलं ते मला आता आठवतही नाही.

मॅडम वर आल्या, मुळं पाहिली आणि तिथेच मातीत बसल्या. मलाही बसवलं, हातात भिंग दिलं आणि आधी हिरवा खुंट बघायला लावला. पान गळतं तिथे सालीवर एक पुसट खूण राहते. त्या खुणेच्या बरोबर वर एक बारीक फुगवटा असतो, त्याला डोळा म्हणतात. नवा कोंब त्या डोळ्यातूनच येतो. डोळा नेहमी पानाच्या बेचक्यात असतो, म्हणून खूण खाली आणि डोळा वर, हा क्रम कधी बदलत नाही. मग त्यांनी मला सुका खुंट बघायला सांगितलं. मी भिंग खालीवर केलं, पुसून पाहिलं. इथे खूण वर होती आणि डोळा खाली.

"हा उलटा लावलाय," मी म्हणाले.

"एकशे ऐंशी," मॅडम म्हणाल्या, "आणि मी म्हणे शास्त्रज्ञ."

पण माझ्या डोक्यात दुसराच किडा वळवळायला लागला होता. खुंट म्हणजे कापलेली काठी. तिला शेंडा नाही, मूळ नाही, दोन्ही टोकं सारखी. मग आपण उलटे आहोत हे तिला कसं कळतं? पृथ्वी खाली ओढते त्यावरून कळत असेल तर उलटं केल्यावर तिनं नव्यानं ठरवायला हवं होतं, की आता हे खाली, इथून मुळं काढू.

मॅडमनी खुंट्याला लावणीतून उरलेल्या एका खुंटाचे दोन वीतभर तुकडे कापायला सांगितले. एका काचपेटीत ओलं शेवाळ घालून आतली हवा दमट केली आणि ते दोन तुकडे दोऱ्यानं टांगले, एक सरळ, एक उलटा. दोन्हींचा मातीशी काही संबंध नाही. आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर तेच देतील, तोवर मी माझं सांगते, असं म्हणून त्यांनी मातीत काडीनं चौकोनावर चौकोन काढले.

झाडाचं खोड पेशींचं बनलेलं असतं (पेशी म्हणजे सजीवाच्या शरीरातली सगळ्यात लहान जिवंत खोली). डोळ्यांमध्ये आणि कोवळ्या पानांमध्ये ऑक्झिन नावाचा पदार्थ तयार होतो (झाडाला कुठे काय वाढवायचं याचा निरोप देणारं रसायन). हा निरोप एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातो. पण प्रत्येक खोलीला बाहेर पडायची दारं बुंध्याच्या बाजूलाच जास्त असतात. त्यामुळे निरोप शेंड्याकडून बुंध्याकडेच जातो. फांदी कापली की पुढची वाट बंद होते आणि निरोप तळाशी साचतो. जिथे तो साचतो तिथल्या पेशी मुळं करायला लागतात. शेंड्याकडे तो कमी उरतो, तिथले डोळे फुटून कोंब येतात. आता खुंट उलटा केला तरी आतल्या खोल्यांची दारं काही फिरत नाहीत. निरोप त्याच दिशेनं जात राहतो. फरक एवढाच, की ती दिशा आता आकाशाकडे असते. मुळं वरच्या टोकाला निघायला बघतात आणि उन्हात करपतात. कोंब देणारे डोळे मातीत गाडलेले असतात, ते गुदमरतात. तू लावलेल्या शेणात ओल होती, म्हणून मुळं बिचारी तिथे निघाली. या गुणाला ध्रुवता म्हणतात (एकाच वस्तूची दोन टोकं मुळातच वेगळी असणं).

मी विचारलं, मग आता मेले का ते? मॅडमनी सुक्या खुंटाची साल नखानं खरवडली. आत अजून हिरवं होतं. जिवंत आहेत, पण फार दिवस राहणार नाहीत, त्या म्हणाल्या. उपटायचे, बिघडलेली टोकं छाटायची आणि सरळ करून लावायचे. समिती यायला पंधरा दिवस होते.

त्याच दुपारी सगळी वाडी डोंगरावर गेली. खुंट्या उपटायचा, मॅडम छाटायच्या, माणसं लावायची आणि मी डोक्यावर शेण थापायची. कुशाकाकी कमरेवर हात ठेवून सगळ्यांना ऐकवत होत्या. त्यांच्याकडे फांदी झाडावरून उतरवली की खाली ठेवायच्याही आधी वरच्या टोकाला शेणाचं बोट लावतात, गोळा नंतर. मॅडम मध्येच थांबल्या. म्हणजे शेण ओल धरतंच, पण शेंडा कुठला हेही सांगतं, त्या म्हणाल्या. यंत्रानं दोन्ही टोकं सारखी कापली आणि ती खूणच गेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एकशे एकोणऐंशी खुंट सरळ झाले. सातव्या ओळीतला कोपऱ्यातला एक मॅडमनी मुद्दाम उलटाच ठेवला, तुलनेसाठी.

हे इथे संपायला हरकत नव्हती. पण खुंट उलटे झालेच कसे, हा प्रश्न उरला. मॅडमना वाटलं खुंट्याच्या हातात दोष आहे, तो एक सोडून एक खुंट फिरवत असणार. त्यांनी तसं जिल्ह्याला कळवलं. समितीचं काम झालं की खुंट्याला परत नेऊन त्याची स्मृती कोरी करायची, असं उत्तर आलं. मी खुंट्याला विचारलं, तूच फिरवलेस का? तो म्हणाला की फिरवल्याची नोंद त्याच्याकडे नाही. टेम्पोतून डावीकडून उजवीकडे ओळीनं उचलले, प्रत्येकाचं दाराकडचं टोक खाली धरलं आणि तसेच लावले.

तसेच लावले. मला आजोचा आवाज ऐकू यायला लागला. टेम्पोत खुंट रचताना तो एका सुरात म्हणत होता, शेंडा-बुंधा, शेंडा-बुंधा. खुंट बुंध्याकडे किंचित जाड असतो. एका खुंटात तो फरक कळत नाही. पण चाळीस खुंट एकाच बाजूनं रचले की एकीकडे ढीग उंच होतो आणि माल घसरतो. म्हणून एकाचा शेंडा इकडे, तर पुढच्याचा तिकडे. आजोच्या हाताला वजनावरून बुंधा कळायचा आणि दुपारपर्यंत मलाही कळायला लागला होता. खालचे थर आजोनं रचले, वरचे मी रचले, आणि एकही चुकवला नाही.

त्यानंतर माझे पाय घरात ठरेनात. जेवताना अर्ध्यावर उठायची, डोंगरावर जायची, खाली यायची, पुन्हा जायची. खरं सांगितलं तर सगळी वाडी आजोला बोल लावेल आणि ताठ मानेनं फिरणारा तो म्हातारा घरात तोंड लपवून बसेल, ही भीती. नाही सांगितलं तर खुंट्याची स्मृती जाईल. आजोही हल्ली टेम्पोची गोष्ट कुणाला सांगत नव्हता. त्याला कळलं होतं की नाही, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

काचपेटीचं उत्तर वीस मेला आलं. दोन्ही तुकड्यांना मुळं फुटली होती आणि दोन्हींची बुंध्याकडूनच. उलट्या तुकड्याची मुळं वरच्या टोकाला निघून मग खाली वळली होती. कुठून निघायचं हे खुंटाचं आपलं आपण ठरलेलं असतं आणि निघाल्यावर कुठे वळायचं हे पृथ्वीची ओढ ठरवते, असं मॅडम समजावत होत्या. मला ते समजलं. एरवी मी उड्या मारल्या असत्या.

अठ्ठावीस मेला समिती आली. तिचे प्रमुख गवाणकर नावाचे इंजिनिअर होते, शांत आणि अतिशय काटेकोर. त्यांनी स्वतः अठरा ओळी चढून मोजणी केली. आधीचे एकशे ऐंशी आणि सरळ केलेल्यांपैकी एकसष्ट. दोनशे एकेचाळीस. एकोणतीस कमी पडत होते. मॅडम म्हणाल्या, उरलेल्यांचे डोळे फुगलेत, आठ-दहा दिवस द्या. गवाणकरांनी हातातला अहवाल पाहिला. यंत्राचा दोष, कारण अज्ञात, असं त्यात होतं. कारण अज्ञात असेल तर याच यंत्रानं लावलेल्या बाकीच्या खुंटांत आणखी काय बिघडलंय तेही अज्ञात आहे, ते म्हणाले, आणि चौदा घरांची जबाबदारी मी अंदाजावर घेऊ शकत नाही. ते चिडून बोलत नव्हते. त्यांचं बरोबरच होतं, आणि तेच जास्त वाईट होतं.

कुशाकाकींनी पदर तोंडाला लावला. मी खिशातली बी हातातल्या दगडावर घासत होते. किती वेळ घासत होते कोण जाणे, कारण एकदम तळहाताला चटका बसला आणि मी पुढे झाले.

"खुंट्यानं काही केलेलं नाही. टेम्पोत खुंट उलटसुलट मी रचले होते. त्यानं ते जसे होते तसे लावले."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी घाट, टेम्पो, शेंडा-बुंधा सगळं भडाभडा सांगितलं. फक्त आजोचं नाव घेतलं नाही. तेवढ्यात मागून काठीचा आवाज आला आणि आजो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.

"माल हलू नये म्हणान मीच तिका तसा रचूक शिकवलंय," माझ्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला. "चूक माझी आसा, चेडवाची नाय."

गवाणकरांनी लगेच मान हलवली नाही. त्यांनी लावणीतून शिल्लक राहिलेले पाच खुंट मागवले आणि आजोला डोळे मिटून प्रत्येकाचा बुंधा ओळखायला सांगितला. आजोनं एकेक खुंट मधोमध हातावर तोलला आणि बोटानं टोक दाखवलं. गवाणकरांनी भिंग घेऊन खूण आणि डोळा पाहिला. पाचही बरोबर निघाले. मग त्यांनी खुंट्याला उचलण्याचा क्रम विचारला आणि खुंट्यानं तीनशे साठ खुंटांचा क्रम ओळीनं सांगितला. एकाआड एक. गवाणकरांनी अहवालातले "कारण अज्ञात" हे शब्द खोडले. कारण कळलंय आणि ते दुरुस्तही झालंय, तर दहा दिवस थांबायला माझी हरकत नाही, ते म्हणाले. जाताना त्यांनी आजोला विचारलं, की घाटात खरंच एकही खुंट हलला नव्हता का. आजोची छाती पुन्हा पुढे आली.

वाडीत कुणी आजोला बोल लावला नाही. कुशाकाकींनी फक्त एवढं सुनावलं, की पुढच्या वेळी रचण्याआधी शेण लावून घेत चला. खुंट्या माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सरळ की उलटा, असा रकाना माझ्या नोंदीत नव्हता. आता आहे." हे त्याचं माफ करणं होतं की नुसतं कळवणं, ते मला अजून समजलेलं नाही.

सहा जूनला पुन्हा मोजणी झाली. फुटलेले खुंट तीनशे अकरा होते. तीन दिवसांनी पाऊस आला, भरपूर आला, आणि आम्ही चौदाही घरांतली माणसं आपापल्या घरात होतो. डोंगरावरून पाणी आलं ते गढूळ नव्हतं. आई म्हणाली की त्या पावसात ती पहिल्यांदा सलग झोपली.

या गोष्टीला आता दोन वर्षं होतील. खुंट्याची स्मृती कोरी केली नाही. त्याचा नवा रकाना त्याच्यासारख्या सगळ्या यंत्रमानवांना दिला गेला. आता ते कुठल्याही डोंगरावर खुंट लावण्याआधी डोळा खुणेच्या वर आहे ना, हे पाहतात. काझीमॅडम सध्या पृथ्वीभोवती फिरणाऱ्या एका हरितगृहाची तयारी करतायत (रोपं वाढवण्यासाठी बांधलेलं काचेचं घर). तिथे वर आणि खाली असं काही नसतं, सगळं तरंगत असतं. मी त्यांना पत्रातून विचारलं, मग तिथे खुंट लावताना कुठलं टोक मातीत घालणार? त्यांनी उत्तरात लिहिलं, "तो विचार मी कशाला करू? खुंटाला ठाऊक असतं." मोठी झाले की तिथे जायचं मी ठरवलंय. तिथे एका जागी बसताच येत नाही म्हणे.

या शिमग्याला आमच्या डोंगरावर पहिली लाल फुलं आली, सात-आठ झाडांनाच, पण साळुंक्यांनी एवढा गोंधळ घातला की दारोदार नाचत येणाऱ्या खेळ्यांचा ढोल ऐकू येईना. सातव्या ओळीच्या कोपऱ्यातला तो उलटा खुंट मात्र कितीतरी दिवस नुसताच उभा होता. लावल्याच्या वर्षी श्रावण संपता संपता त्याच्या तळाशी, मातीच्या अगदी लगत, एक कोंब निघाला. तो आधी जमिनीकडे आला, मग वळला आणि वर निघाला. आता तो माझ्या गुडघ्याएवढा आहे. बाकीची झाडं घराच्या वळचणीएवढी उंच झाली.

आजो पाऊस नसताना रोज त्याला तांब्याभर पाणी घालतो. एवढ्या झाडांत यालाच का, असं कुणी विचारलं तर सांगतो, "ह्यो माझो आसा." मी शेजारी असले तर म्हणते, अर्धा माझापण.